वादळानंतर विम्याचा दावा : काय करावे, काय करू नये

३ जून २०२० चा बुधवार आमच्या श्रीवर्धन तालुक्यातला माणूस मरेपर्यंत विसरणार नाही. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. तीन-चार तासांत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले पानांसारखी उडाली, विजेचे खांब मोडले. वर लॉकडाऊन होता. ईद २५ मेला होऊन गेली होती, पण बाजार बंद असल्यामुळे ईदचा माल तसाच पडून होता.

माझा कापडाचा धंदा आहे. दुकान तालुक्याच्या गावी आणि वडिलोपार्जित घर जवळच्या खेड्यात. त्या वादळात घराचे छप्पर गेले, आणि घरात ठेवलेला मालही गेला. घराचा विमा होता. पाच महिन्यांनी दाव्याचे पैसे मिळाले, पण मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाहीत. त्यात कंपनीची चूक थोडी होती आणि माझी जास्त. तीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाने घराच्या पॉलिसीचा कागद एकदाही नीट वाचलेला नव्हता, ही ती चूक. ती वाचकांनी करू नये म्हणून हा लेख.

विमा घ्यावा की घेऊ नये याबद्दल आपल्यात मतभेद आहेत. तो उलेमांचा विषय आहे, या पानाचा नाही. परंतु घरासाठी कर्ज काढताना बँकेने सांगितले म्हणून, किंवा स्वतःच्या निर्णयाने, अनेकांकडे पॉलिसी आहे. दरवर्षी हप्ता जातो. प्रसंग आला की मात्र काय करायचे ते ठाऊक नसते. त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

पहिल्या दोन दिवसांत

वादळ थांबल्यावर माणसाचा पहिला विचार असतो तो घर आवरण्याचा. तो साहजिक आहे. पण आवरण्याआधी तीन कामे करावीत.

एक, जिवाची काळजी. मेन स्विच बंद करावा, लोंबकळणाऱ्या तारांना हात लावू नये, तुळई वाकलेली असेल त्या खोलीत जाऊ नये. पैशांचे सगळे नंतर.

दोन, फोटो. घराचे चारही बाजूंनी, प्रत्येक खोलीचे, छताचे आतून आणि बाहेरून. मोडलेल्या वस्तूचा फोटो ती जिथे पडली आहे तिथेच काढावा. मोबाईलवर तारीख-वेळ बरोबर आहे ना ते पाहावे. एक सलग व्हिडिओ काढावा; फाटकापासून सुरुवात करून मागच्या अंगणापर्यंत चालत जावे. फोटो लगेच नातेवाईकांच्या फोनवरही पाठवून ठेवावेत, कारण भिजलेला फोन कधी बंद पडेल सांगता येत नाही.

तीन, वाढीव नुकसान थांबवणे. पॉलिसीत अशी अट असते की विमा घेणाऱ्याने आपल्या परीने नुकसान वाढू देऊ नये. म्हणजे छप्पर उडाले असेल तर ताडपत्री टाकायची, भिजणारे सामान कोरड्या जागी हलवायचे. ताडपत्रीची, दोरीची, मजुरीची पावती ठेवायची. 'सर्व्हेअर येईपर्यंत काहीच हलवायचे नाही' हा समज चुकीचा आहे. तात्पुरता बंदोबस्त करायचा, पक्की दुरुस्ती मात्र पाहणी होईपर्यंत थांबवायची.

माझ्या शेजारच्या चाचींचे उदाहरण सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, घरात पुरुष माणूस नाही. पावसाळा तोंडावर म्हणून त्यांनी भाच्याकडून सहा दिवसांत नवे पत्रे बसवून घेतले. मोडकी लाकडे चुलीला दिली, फुटकी कौले रस्त्याच्या खड्ड्यात टाकली. फोटो एकही नाही. सर्व्हेअर आला तेव्हा त्याच्यापुढे नवे कोरे छप्पर होते. तो म्हणाला, "जुने कसे होते ते मला कसे कळावे?" शेवटी भाच्याच्या लग्नाची जुनी कॅसेट उपयोगी पडली. त्यात ओटी, माजघर आणि वरचे लाकडी छत व्यवस्थित दिसत होते. तलाठ्याच्या पंचनाम्याची नक्कल जोडली, सुताराने लेखी दाखला दिला, तेव्हा कुठे काही रक्कम मंजूर झाली. फोटो असते तर एवढे हेलपाटे पडले नसते.

कंपनीला कळवणे

नुकसान झाल्याचे शक्य तितक्या लवकर कळवावे. फोन, एसएमएस, ईमेल, शाखेत पत्र, काहीही चालते. पण तोंडी सांगून थांबू नये. कळवल्यावर दाव्याचा क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवावा. पत्र दिले असेल तर नकलेवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी.

पत्र लांबलचक नको. पॉलिसी क्रमांक, घराचा पत्ता, कोणत्या तारखेला कोणत्या वेळी काय घडले, नुकसान ढोबळपणे काय, संपर्काचा फोन आणि 'पाहणीसाठी सर्व्हेअर पाठवावा' ही विनंती एवढे पुरे. घाईघाईने रकमेचा पक्का आकडा टाकू नये. पहिल्या पत्रात दीड लाख लिहिले आणि नंतर तीन लाख निघाले, तर उत्तर देत बसावे लागते. 'अंदाज नंतर सादर करीत आहे' असे लिहावे.

आमच्याकडे तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले होते. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. मला कंपनीशी बोलायला ९ जून उजाडला, तोही टेकडीवर जाऊन, जिथे रेंज मिळाली तिथून. अशा उशिराला घाबरू नये, पण उशिराचे कारण लेखी द्यावे. खऱ्या कारणामुळे कळवायला उशीर झाला असेल तर केवळ तेवढ्यावर दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावलेले आहे.

पंचनामा आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी

तलाठी आणि ग्रामसेवक पंचनामा करतात तो सरकारी मदतीसाठी. त्याचा आणि विम्याच्या दाव्याचा थेट संबंध नाही. सरकारी मदत मिळाली म्हणून विम्याचा हक्क जात नाही, आणि विमा आहे म्हणून पंचनामा टाळायचेही कारण नाही. परंतु पंचनाम्याची नक्कल दाव्याला बळकटी देते, कारण तो तिऱ्हाइताने जागेवर येऊन केलेला कागद असतो.

म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरी हजर राहावे आणि काय लिहिले जाते ते पाहावे. 'घराचे अंशतः नुकसान' एवढेच लिहून पुढे जाऊ देऊ नये. किती खोल्यांचे छप्पर गेले, कोणती भिंत पडली, याची नोंद करून घ्यावी. आणि दोन्ही ठिकाणी एकच खरी हकीकत सांगावी. पंचनाम्यात पाच पत्रे उडाले आणि दाव्यात पंचवीस, असे झाले की संशय येतो. तो यायलाच हवा.

सर्व्हेअर आल्यावर

सर्व्हेअर हा कंपनीने नेमलेला असतो, पण तो कंपनीचा नोकर नसतो. तो परवानाधारक असतो आणि झालेल्या नुकसानीचे मोजमाप करणे हे त्याचे काम असते. त्याच्याशी भांडू नये आणि त्याची खुशामतही करू नये. चहा-पाणी जरूर द्यावे, पाकीट देऊ नये. खरा दावा पाकिटाशिवाय उभा राहतो, आणि पाकीट दिलेला दावा पुढे कुठे अडकला तर तक्रारीला तोंड राहत नाही.

तो येण्यापूर्वी कागद तयार ठेवावेत. गवंडी किंवा सुताराकडून अंदाजपत्रक घ्यावे. नुकसान मोठे असेल तर इंजिनिअरकडून. अंदाजपत्रकात एकच आकडा नको. कौले किती, दर काय, वासे, रिपा, आढे यांची लांबी आणि दर, मजुरी वेगळी, वायरिंग वेगळे. आपण कापडाचे बिल करताना 'कापड एकूण इतके' असे लिहीत नाही, मीटर आणि भाव लिहितो. इथेही तसेच.

घरातल्या सामानाची यादी खोलीप्रमाणे करावी. वस्तू, घेतल्याचे वर्ष, किंमत, बिल आहे की नाही, दुरुस्त होते की नाही. बिल नसेल तर तसे लिहावे. लोक फ्रिज आणि टीव्ही लिहितात, पण गाद्या, कपडे, भांडी, मुलांची पुस्तके विसरतात. त्यांचीही रक्कम होते.

मोडलेल्या वस्तू पाहणी होईपर्यंत फेकू नयेत. त्यांची भंगार म्हणून काही किंमत धरली जाते आणि ती दाव्यातून वजा होते. ती वजावट वाजवी आहे ना ते पाहावे. सर्व्हेअरने आणखी कागद मागितले तर 'एकदाच लेखी यादी द्या' असे नम्रपणे सांगावे, आणि कागद दिल्यावर पोच घ्यावी. नाहीतर आज हा कागद, पुढच्या आठवड्यात तो, असे महिने निघून जातात.

दाव्याच्या फॉर्मवर कोऱ्या जागा सोडून सही करू नये. मजकूर इंग्रजीत असेल आणि समजत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून, मास्तरांकडून वाचून घ्यावा. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी कागदाची धास्ती काय असते ते मला माहीत आहे. पण विचारायला लाज वाटून सही केली तर ती सही नंतर आपल्याच विरुद्ध उभी राहते.

घर कोणाच्या नावावर?

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी आहे. घर दादांच्या नावावर, दादा वारले, वडील वारले, भाऊ चौघे, बहिणी तीन, आणि ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अजून दादांचेच नाव. घरपट्टी एक भाऊ भरतो आणि विमा दुसरा काढतो. नुकसान झाल्यावर कंपनी विचारते, तुमचा या घरात हक्क काय?

म्हणून ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि वारस नोंदीचे कागद आधीच नीट करून ठेवावेत. इतर वारसांचे संमतिपत्र लागू शकते. भाऊ आखातात असतील तर ते मिळवायलाच दोन महिने जातात. घरावर कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचे नाव असते आणि दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते. दुरुस्तीला पैसे हवे असतील तर बँकेशी वेळेवर लेखी बोलणे करावे.

आखातातल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. अग्निविम्याच्या जुन्या पॉलिसीत अशी अट होती की घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामे राहिले आणि कंपनीची आधी संमती घेतली नसेल, तर संरक्षण थांबते. आमच्या भागात अशी कितीतरी घरे आहेत जी वर्षातून एक महिना उघडतात. आपल्या पॉलिसीत घर बंद ठेवण्याबद्दल काय लिहिले आहे ते पाहावे आणि घर बंद राहणार असेल तर कंपनीला लेखी कळवावे. आपली वाडीही घराच्या पॉलिसीत येत नाही. नारळ-सुपारीची झाडे पडली तर त्याचे पैसे घराच्या विम्यातून मिळत नाहीत.

माझा हिशेब

आता माझ्या दोन चुका आकड्यांत सांगतो.

पहिली चूक : कमी रकमेचा विमा. माझे घर पुन्हा बांधायचे झाले तर, जागेची किंमत सोडून, २० लाख रुपये खर्च येईल असे सर्व्हेअरने धरले. मला ते मान्य होते. पण विमा होता १२ लाखांचा, कारण कर्ज तेवढेच होते आणि बँकेने तेवढ्याचाच काढला होता. मी तो आकडा कधी तपासला नाही. जुन्या पॉलिसीत सरासरीची अट असायची. घराच्या किमतीच्या जितक्या हिश्श्याचा विमा, तितक्याच हिश्श्याने नुकसानभरपाई. बारा भागिले वीस, म्हणजे रुपयाला साठ पैसे.

सर्व्हेअरने आधी नुकसान २ लाख ५० हजार धरले. त्यातून भंगाराचे १० हजार गेले, राहिले २ लाख ४० हजार. त्याचे साठ टक्के, १ लाख ४४ हजार. मी अहवालाची प्रत मागून घेतली. पाहिले तर छताखालची फळ्यांची तक्तपोशी आणि वायरिंग यांचे ६० हजार 'जुनी गळती' म्हणून वगळले होते. गळती हळूहळू होते आणि ती विम्यात येत नाही, हे बरोबर आहे. पण आमच्याकडे आधी कौले उडाली आणि मग त्या उघड्या छतातून पाऊस आत आला. ही गळती नव्हे, वादळाचेच नुकसान आहे. ४ जूनचा सकाळचा फोटो होता. आढ्याला भगदाड, खाली ओल्या फळ्या, भिंतीवर जुना डाग एकही नाही. तो फोटो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दोन पानी पत्र लिहिले. शिवीगाळ नाही, धमकी नाही, फक्त क्रमाने हकीकत. दीड महिन्याने ते ६० हजार धरले गेले. एकूण नुकसान ३ लाख १० हजार, वजा भंगार १० हजार, राहिले ३ लाख. त्याचे साठ टक्के, १ लाख ८० हजार. एका पत्राने ३६ हजार मिळाले. पण २० लाखांचा विमा असता तर पुरे ३ लाख मिळाले असते. १ लाख २० हजार माझ्या दुर्लक्षाने गेले.

दुसरी चूक याहून मोठी. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ईदसाठी माल उचलला होता. दुकानात जागा नव्हती म्हणून अकरा गाठी घरी मागच्या खोलीत ठेवल्या. ड्रेस मटेरियल आणि शर्टिंग. मग लॉकडाऊन लागला, दुकान उघडलेच नाही. वादळाच्या रात्री सगळा माल भिजला. खरेदीच्या बिलांप्रमाणे किंमत २ लाख ४० हजार. घराच्या पॉलिसीत दावा केला तर उत्तर आले, घरगुती सामान धरले जाते, धंद्याचा माल नाही. दुकानाच्या पॉलिसीत दावा केला तर उत्तर आले, माल दुकानाच्या पत्त्यावर विमा उतरवलेला आहे, नुकसान दुसऱ्या पत्त्यावर झाले. मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. कंपनीचे म्हणणे बरोबर होते. एक पैसाही मिळाला नाही.

मित्रांनी सल्ला दिला होता, "अरे भाई, माल दुकानातच भिजला असे लिही ना, कोण बघायला येतो?" दुकानाचे छप्परही थोडे उडाले होते, त्यामुळे ते पचलेही असते. मी तसे लिहिले नाही. ते खोटे ठरले असते, आणि पॉलिसीची अटच अशी आहे की दाव्यात लबाडी सापडली तर सगळा दावा बाद. शिवाय त्या मालाची उधारी सुरतच्या व्यापाऱ्याची होती आणि त्याने तीस वर्षे माझ्या शब्दावर माल दिला होता. ती उधारी फेडायला मला पावणेदोन वर्षे लागली. पण फेडली.

सांगायचे ते हे की आपले कितीतरी छोटे दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या बहिणी, गोधड्या आणि बुरखे शिवणारे कारागीर, घरातच माल ठेवतात. त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. घराचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे.

आता काय बदलले आहे

१ एप्रिल २०२१ पासून नियामकाच्या आदेशाने सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. ती जुन्या पॉलिसीपेक्षा घरमालकाला सोयीची आहे. तिच्यात सरासरीची अट लावली जात नाही. विमा रकमेच्या मर्यादेत प्रत्यक्ष नुकसान धरले जाते. घराची विमा रक्कम चटई क्षेत्रफळ आणि बांधकामाचा दर यांवरून काढतात, जागेची किंमत त्यात नसते. ती दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. घराचा विमा असेल तर घरगुती सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण असते. कुंपणाची भिंत, पडवी, पाण्याची टाकी ही घरातच मोजली जातात. दागिने वगैरे मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. रोख पैसा येत नाही. दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

छोट्या धंद्यासाठी त्याच दिवसापासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आली. एका ठिकाणच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे. माल दोन-तीन ठिकाणी ठेवत असाल तर पॉलिसी घेतानाच सगळे पत्ते सांगावेत. घराची मागची खोलीसुद्धा.

सप्टेंबर २०२४ मध्ये नियामकाने मुदतीही कडक केल्या. दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, त्याचा अहवाल १५ दिवसांत घेणे आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय देणे. मोठ्या आपत्तीत कागदावरची मुदत आणि जमिनीवरची मुदत यांत फरक पडतो, पण पत्र लिहिताना हे आकडे माहीत असावेत. पैसे द्यायला उशीर झाला तर कंपनीला बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यावे लागते. ते व्याज घ्यायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे; परंतु या नियमाने कंपनीला घाई करावी लागते, हे खरे.

रक्कम मान्य नसेल तर

कंपनी रक्कम देताना 'पूर्ण आणि अंतिम' असे लिहिलेल्या पावतीवर सही मागते. रक्कम मान्य नसेल तर तसे लेखी कळवावे. अशी सही घेतली म्हणून ग्राहकाचा जास्त भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही, असे नियामकाने २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात सांगितले आहे. तरीही सही करण्याआधीचे पत्र हाती असलेले बरे.

त्यानंतरच्या पायऱ्या अशा. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. त्याबरोबर नियामकाच्या 'बीमा भरोसा' यंत्रणेत नोंद. १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही ती करता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करावा. हा अर्ज कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत करावा. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, साध्या भाषेत अर्ज चालतो आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ते ऐकतात. आपला लोकपाल कोणता ते पॉलिसीवर छापलेले असते. तेही नको असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तिथे दोन वर्षांची मुदत आहे.

या सगळ्या पायऱ्यांवर एकच गोष्ट कामाला येते, ती म्हणजे फाईल. पहिल्या फोटोपासून शेवटच्या पत्रापर्यंत सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. ज्याच्याकडे रोजमेळ पक्का, त्याला कोर्टाचीही भीती नसते, असे माझे वडील म्हणत. घराच्या बाबतीत मी ते विसरलो होतो.

पावसाळ्यापूर्वी करायची कामे

अरबी समुद्रात वादळे बहुधा मे-जूनमध्ये आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर उठतात. 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ ला आले, 'तौक्ते' २०२१ च्या मेमध्ये. तेव्हा ही कामे मे महिन्याच्या आत उरकावीत :

१. पॉलिसी काढून पाहावी. मुदत कधी संपते, विमा रक्कम किती, पत्ता आणि नाव बरोबर आहे का.

२. आजच्या दराने घर बांधायला किती लागतील ते गवंड्याला विचारावे आणि विमा रकमेशी ताडून पाहावे.

३. घराचे आणि सामानाचे आजचे, धडधाकट स्थितीतले फोटो काढून ठेवावेत. चाचींचे उदाहरण आठवावे.

४. उतारा, घरपट्टीची पावती, पॉलिसी आणि मोठ्या वस्तूंची बिले यांच्या नकला प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावा.

५. घरात धंद्याचा माल असेल तर कंपनीला लेखी कळवून त्याचा वेगळा विमा काढावा, नाहीतर माल हलवावा.

६. घर बंद राहणार असेल तर कंपनीला कळवून पोच घ्यावी.

माझ्या घराचे छप्पर आता नव्याने बसवले आहे. मागच्या खोलीत गाठी अजूनही येतात, कारण दुकान तेवढेच लहान आहे. फरक एवढाच की त्या खोलीचा पत्ता आता पॉलिसीत आहे, आणि पॉलिसीची नकल दुकानाच्या गल्ल्यात, उधारीच्या वहीशेजारी ठेवलेली असते.